न दिसणारा अंश, अनोळखी भोक्ता

हेतू नसताना, डोळ्यांना न दिसता आणि ज्याला कधी पाहिलेही नाही अशा माणसाला इजा झाली, तर तिचा दोष कोणाकडे जातो, हा प्रश्न भारतीय नीतिविचारात जुनाच आहे. अन्नधान्याच्या आजच्या व्यापाराने त्याला दिलेले रूप मात्र नवे आहे, आणि हळद, भुईमूग, सोयाबीन व बेदाणा दूरदूर पाठवणाऱ्या सातारा-सांगली जिल्ह्यांना त्याकडे पाठ फिरवता येण्यासारखी नाही. शेंगदाणा, गहू, दूध, तीळ हे कोट्यवधी लोकांचे रोजचे अन्न; परंतु काही माणसांच्या शरीरातील प्रतिकारयंत्रणा त्यांतल्या एखाद्या प्रथिनालाच शत्रू समजते आणि त्याचा अत्यल्प अंश पोटात गेला तरी अंगावर गांधी उठणे, घसा सुजणे, श्वास कोंडणे आणि रक्तदाब एकाएकी कोसळणे येथपर्यंत मजल जाते. या टोकाच्या प्रतिक्रियेला ॲनाफायलॅक्सिस म्हणतात. पॉल पोर्तिए आणि शार्ल रिशे या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०२ मध्ये तिचे वर्णन केले, तर ‘ॲलर्जी’ ही संज्ञा व्हिएन्नाचे डॉक्टर क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये दिली. ॲड्रेनलीनचे इंजेक्शन वेळेत मिळाले नाही तर अशा प्रसंगी माणूस दगावू शकतो.

पदार्थात मुळात नसलेले ॲलर्जीकारक अन्न यंत्रातून, गोणीतून, हातांवरून किंवा हवेतल्या पिठीतून त्यात जाऊन पडते, त्याला येथे ‘संपर्कदोष’ म्हटले आहे. भेसळीपासून तो वेगळा ओळखला पाहिजे. भेसळीत लबाडी असते, नफा असतो आणि म्हणून गुन्हेगारही सापडतो. संपर्कदोषात यांपैकी काहीच नसते, प्रत्येक जण आपापले काम रोजच्यासारखे करत असतो, आणि तरीही शेवटच्या ताटात विष ठरू शकणारा कण येऊन पडतो. नीतिविचाराला अवघड जाणारी गोष्ट हीच आहे, कारण पापाची आपली नेहमीची कल्पना दुष्ट हेतूभोवती उभी असते.

२०१४ च्या अखेरीस आणि २०१५ च्या आरंभी अमेरिकेत जिरेपुडीमध्ये शेंगदाण्याचे प्रथिन आढळल्यामुळे जिरे घातलेले असंख्य तयार पदार्थ बाजारातून परत बोलवावे लागले. सप्टेंबर २०२४ मध्ये ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यांना मोहरी घातलेला कोणताही पदार्थ खाऊ नका असा इशारा दिला, आणि त्या मोहरीचा माग काढत गेल्यावर तो भारतातून आलेल्या मालापर्यंत पोचला. ज्यांनी शेंगदाणा आयुष्यभर कटाक्षाने टाळला, वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचण्याची सवय अंगी बाणवली, त्यांना सँडविचमधल्या मोहरीच्या लेपाने धोका निर्माण झाला. वाचायला तेथे काही लिहिलेलेच नव्हते.

ज्या प्रकारच्या साखळीत हे घडू शकते ती साखळी कृष्णाकाठी रोज उघड्यावर चालते. साताऱ्यात खरिपाचे सोयाबीन निघाले की त्याच रानात रब्बीचा गहू किंवा हरभरा येतो आणि पुष्कळदा मळणी यंत्रही तेच असते. चाळण बदलली तरी पेटीच्या कोपऱ्यांत आधीच्या पिकाची फोलपटे आणि फुटके दाणे राहतात. पुढे बारदान येते, म्हणजे तागाची गोणी, जी एका हंगामात भुईमुगाच्या शेंगांची असते आणि पुढच्या हंगामात धन्याची. टेम्पोचा हौदा, अडत्याच्या दुकानापुढची फरशी, तोलाईचा काटा, हमालाच्या पाठीवरचे पोते, यांतल्या प्रत्येक ठिकाणी एक माल दुसऱ्याला शिवतो. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते तिच्या मातीच्या आणि वाणाच्या वैशिष्ट्यासाठी. ती शेवटी कोणत्या यंत्रात दळली गेली हे मानांकन सांगत नाही आणि सांगावे अशी त्याच्याकडून अपेक्षाही नाही.

या साखळीतली गिरणी जवळून पाहण्यासारखी आहे. उन्हाळ्यात घरोघर वर्षाची चटणी होते, आणि या भागातल्या कांदा-लसूण मसाल्यात मिरचीबरोबर सुके खोबरे आणि भाजलेले तीळ असतात. कांडप झाले की चालक यंत्राच्या तोंडावर लाकडाने ठोकतो, कुंच्याने झाडतो आणि लगेच पुढच्या गिऱ्हाइकाची हळद किंवा धने टाकतो. लोखंडाच्या आतल्या बाजूस बसलेला तेलकट थर झाडून निघत नाही; तोंडाला बांधलेल्या कापडी पिशवीच्या शिवणींत तर तो महिनोन्‌महिने राहतो. पाणी घालून धुवावे तर मसाल्याच्या यंत्राला ओल चालत नाही, बुरशी धरते. म्हणून या व्यवसायातील जाणकार कोरडी सफाई सांगतात: हवेचा झोत मारून धूळ उडवायची नाही, कारण उडालेली धूळ शेजारच्या यंत्रावर बसते, ती शोषून घ्यायची, ॲलर्जीकारक नसलेला माल सकाळी आधी दळायचा आणि तीळ-शेंगदाण्याचा सर्वांत शेवटी, मधे मीठ किंवा तांदूळ घालून यंत्र फिरवायचे आणि तो घाणा बाजूला काढायचा, जमेल तेथे यंत्रच वेगळे ठेवायचे. विस्तवावर भरवसा ठेवून चालत नाही, कारण शेंगदाण्यातील मुख्य ॲलर्जीकारक प्रथिने भाजण्याने नाहीशी होत नाहीत; आणि शुद्धीकरण केलेल्या तेलात प्रथिन जवळजवळ उरत नसले तरी लाकडी घाण्याच्या तेलात ते असू शकते.

यांतले निम्मे शहाणपण या मुलखाला परके नाही. गिरणीत डबा ठेवताना ‘गव्हावर गहू दळा’ असे बजावून सांगणाऱ्या बायका प्रत्येक गावात आहेत, आणि एकादशीच्या राजगिऱ्याचे किंवा भगरीचे पीठ ज्वारीवर दळून दिले तर भांडण उभे राहते. उपवासाची कढई वेगळी, मिठाचा डबा वेगळा, पोळपाट धुऊन घेतलेला, अशी काटेकोर शिस्त साध्या संसारात विनातक्रार पाळली जाते. कृष्णा-वारणेच्या काठच्या गावांतील दिगंबर जैन शेतकरी कुटुंबांत तर पाणी गाळण्यापासून पिठाच्या मुदतीपर्यंतचे नियम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहेत. म्हणजे वेगळेपणा राखण्याची विद्या येथे आहेच. ती आजवर खाणाऱ्याच्या स्वतःच्या व्रतासाठी राबली, दुसऱ्याच्या शरीरासाठी तिला कोणी फारसे कामाला लावले नाही.

येथे ज्ञानाचा एक प्रश्न आडवा येतो. ‘यंत्र स्वच्छ आहे’ हे विधान एखादी वस्तू असल्याचे नसून नसल्याचे विधान आहे, आणि नसणे कशाने कळते यावर मीमांसकांनी आणि नैयायिकांनी शतकानुशतके वाद घातला. कुमारिल भट्टांच्या परंपरेने त्यासाठी ‘अनुपलब्धी’ हे स्वतंत्र प्रमाण मानले: जमिनीवर घट दिसत नाही, यावरून घट नाही हे कळते. परंतु त्याला एक अट आहे. जी वस्तू असती तर दिसलीच असती, अशाच वस्तूच्या न दिसण्याने तिचा अभाव सिद्ध होतो. याला ‘योग्यानुपलब्धी’ म्हणतात, आणि अंधारात घट न दिसणे हे घट नसल्याचे प्रमाण होत नाही. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत केवलानंद सरस्वतींनी ज्या शास्त्राचा ‘मीमांसाकोश’ सिद्ध केला, त्या शास्त्रातली ही अट मसाल्याच्या कारखान्यात थेट लागू पडते. शेंगदाण्याच्या प्रथिनाचा अंश डोळ्यांना दिसण्याच्या योग्यतेचा नसतो. म्हणून चालकाने टॉर्च मारून पाहिले आणि काही दिसले नाही, तर त्यातून काहीच सिद्ध झालेले नसते. प्रतिपिंडांच्या साहाय्याने प्रथिन ओळखणारी एलायझा चाचणी त्या अंशाला उपलब्धीच्या कक्षेत आणते, पण तेवढ्यानेही प्रश्न पुरता सुटत नाही, कारण दाण्याचे तुकडे राशीत एकसारखे पसरलेले नसतात आणि नमुना ज्या ओंजळीतून घेतला तिच्यात तुकडा नव्हता एवढेच ती चाचणी सांगते. त्यामुळे खात्री चाचणीपेक्षा व्यवस्थेतून अधिक येते: कोणता माल कधी दळला, मधे काय केले, गोणी कोठून आली, याची नोंद आणि ती नोंद ठेवणाऱ्याचा प्रामाणिकपणा.

शुद्ध अन्न म्हणजे काय, याचे उत्तर देताना छांदोग्य उपनिषदाने आहारशुद्धीचा संबंध चित्तशुद्धीशी जोडला आहे. शंकराचार्यांनी तेथील ‘आहार’ इंद्रियांनी गोळा केलेल्या विषयांच्या अर्थाने घेतला. रामानुजाचार्यांनी मात्र अन्न हाच अर्थ धरून, पूर्वाचार्यांच्या आधारे, अन्नाचे दोष तीन सांगितले. पदार्थाच्या स्वभावातच असलेला तो जातिदोष, तो ज्याच्याकडून आला त्याच्यामुळे लागणारा आश्रयदोष, आणि केस, कचरा, उष्टे यांसारखे बाहेरचे काही मिसळल्याने होणारा निमित्तदोष. संपर्कदोषाच्या विचाराला ही विभागणी फार उपयोगी पडते, पण जशीच्या तशी घेता येत नाही. निमित्तदोषाची कल्पना अचूक आहे आणि ती पूर्वीपेक्षा कडक करावी लागते, कारण केस दिसतो आणि प्रथिन दिसत नाही. जातिदोष मात्र येथे कोलमडतो. शेंगदाणा स्वभावाने दूषित नाही. एकाचे पोषण तोच दुसऱ्याचा घात ठरतो. चरकसंहितेने विमानस्थानात आहाराचे फळ ठरवणाऱ्या आठ गोष्टी सांगताना प्रकृती, संस्कार, संयोग, प्रमाण, देश, काळ आणि सेवनाचे नियम यांच्या शेवटी ‘उपयोक्ता’ म्हणजे खाणारा माणूस मोजला आणि कोणते अन्न कोणाला मानवते ते त्याच्यावर अवलंबून ठेवले. ॲलर्जीची शरीरक्रिया तिला ठाऊक नसली तरी अन्नाचा गुण खाणाऱ्याला वगळून ठरत नाही, हे तिने ओळखले होते.

उरतो आश्रयदोष, आणि त्याच्यापाशी थांबणे भाग आहे, कारण या देशात अन्नशुद्धीच्या नावाखाली माणसांचा जो अपमान झाला तो मुख्यतः याच कल्पनेच्या आडून झाला. अन्नाला कोणी हात लावला, विहिरीवर कोणाची सावली पडली, पंगतीत शेजारी कोण बसले, हा त्या शुद्धीचा प्रश्न होता, आणि दोष माणसात मानल्यामुळे तो धुऊन जाण्याची सोयच नव्हती. सातारा-सांगलीच्या भूमीनेच त्याला उत्तर दिले आहे. कर्मवीर भाऊराव पाटील जैन कुटुंबातले, अन्नाच्या कडक नियमांत वाढलेले. कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात असताना अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आल्यावर शुद्धीसाठी आंघोळ करायला त्यांनी नकार दिला आणि त्यांना तेथून बाहेर पडावे लागले. पुढे १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन करून १९२४ मध्ये त्यांनी साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह काढले, ज्याचे १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते छत्रपती शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले. तेथे सगळी मुले एकत्र स्वयंपाक करत आणि एका पंगतीला जेवत. वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनीही अस्पृश्यतानिवारणाच्या बाजूने शास्त्राची मांडणी करून गांधीजींना साह्य केले. हा इतिहास आज विसरून चालणार नाही, कारण संपर्कदोषाची भाषा, ‘वेगळे भांडे’, ‘याला शिवू नका’, ‘आधी धुऊन घ्या’, जुन्या सोवळ्याच्या भाषेशी वरवर हुबेहूब जुळते. शाळेत शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाला दूर एकट्याने जेवायला बसवणे, किंवा कारखान्यात काही भाग दूषित झाला म्हणून तेथल्या हमालावर संशय घेणे, हा त्या जुन्या रोगाचाच नवा अवतार होईल. दोष पट्ट्यावर, गोणीत, शिवणीत असतो. त्याला जात नसते, तो उपायाने निघतो, आणि तो काढून टाकण्याचे ज्ञान त्या हमालाच्या हाती असेल तर तोच या शुद्धीचा खरा पुरोहित होय.

मग जबाबदारीचे काय? जैन आचारशास्त्राने या प्रश्नावर सर्वांत सूक्ष्म काम केले आहे असे म्हणणे वावगे ठरणार नाही. तत्त्वार्थसूत्र हिंसेची व्याख्या करताना प्राण जाण्याच्या घटनेला प्रमादाची, म्हणजे बेसावधपणाची, जोड देते. आणि कुंदकुंदाचार्यांचे प्रवचनसार आणखी पुढे जाऊन सांगते की जीव मरो अथवा जगो, बेसावध वागणाऱ्याच्या पदरी हिंसा आलीच, उलट जो पुरेपूर काळजी घेऊन वागतो त्याला केवळ बाहेर घडलेल्या घाताने बंध लागत नाही. आधुनिक अन्नव्यवसायाला याहून नेमका निकष मिळणे कठीण आहे. ज्या गिरणीने क्रम पाळला, यंत्र झाडले, घाणा काढला, नोंद ठेवली, आणि तरीही एखादा अंश निसटला, तिची स्थिती वेगळी. आणि जिने काहीच केले नाही पण सुदैवाने कोणाला त्रास झाला नाही, ती निर्दोष नाही. व्यापारात मात्र न्याय नेमका उलटा चालतो: अपघात झाला की चौकशी, तोपर्यंत सारे आलबेल. कृत, कारित आणि अनुमत, म्हणजे स्वतः केलेले, करवून घेतलेले आणि मान्य केलेले, अशी कर्माची तिहेरी विभागणीही त्याच परंपरेतली. भाव पाडून मागणारा खरेदीदार सफाईचा वेळ आणि वेगळ्या बारदानाचा खर्च कापायला लावत असेल, तर तो कारित आणि अनुमत या दोन्ही सदरांत बसतो.

वैदिक परंपरेतही दोष वाटून देण्याची ही दृष्टी आहे. मनुस्मृतीने मांसासंबंधी बोलताना अनुमती देणारा, कापणारा, मारणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा या सर्वांना घातक म्हटले. या यादीत शेवटी खाणाराही येतो, आणि येथे ॲलर्जीचा प्रश्न तिच्यापासून वेगळा होतो, कारण ॲलर्जी असलेला माणूस त्या साखळीतला एकमेव निरपराध दुवा असतो. असे असूनही बाजाराची प्रवृत्ती सगळा भार शेवटी त्याच्याच माथी मारण्याची आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार ग्लुटेनयुक्त धान्ये, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, कवचाची फळे, सोयाबीन आणि किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा अधिक सल्फाइट यांचा वेष्टनावर उल्लेख करावा लागतो. संपर्काने आलेल्या अंशासाठी ‘अमुक असू शकते’ असे लिहिण्याची मुभा आहे. ही सूचना सफाई करूनही उरलेल्या शंकेची प्रामाणिक कबुली असू शकते, किंवा सफाई न करण्याची सवलतही. दोन्हींची अक्षरे सारखीच असतात. अमेरिकेत तिळाला २०२३ पासून सक्तीने घोषित करायच्या यादीत घातले, तेव्हा काही बेकऱ्यांनी यंत्रे निर्धोक ठेवण्याऐवजी पावाच्या पिठात मुद्दाम तिळाचे पीठ घालून तसे वेष्टनावर जाहीर करणे पसंत केले. नियम अक्षरशः पाळला गेला आणि तिळाची ॲलर्जी असलेल्यांना कालपर्यंत चालणारा पाव आज वर्ज्य झाला. सत्य बोलून केलेली ही इजा होती. भारताच्या यादीत तर तीळ अजून नाहीत. संक्रांतीला हातावर ठेवल्या जाणाऱ्या तिळगुळाच्या देशात हे उणेपण लवकर भरून निघाले पाहिजे.

माहिती हरवते ती मात्र बहुधा वेष्टनाच्या कितीतरी आधी. तासगावचा पिवळाधमक बेदाणा शेडमध्ये वाळल्यावर त्याला गंधकाची धुरी दिली जाते आणि तिच्यामुळे रंग टिकतो, किडीपासून बचाव होतो. दमा असलेल्या काही लोकांना या गंधकातून आलेल्या सल्फाइटचा त्रास होतो. शेडवाल्याला धुरी ठाऊक असते, सौद्यात बोली लावणाऱ्यालाही असते. किराणा दुकानात तोच बेदाणा सुटा, कागदाच्या पुडीत विकला जातो, आणि सत्यनारायणाच्या प्रसादाच्या शिऱ्यात पडेपर्यंत धुरीची आठवण कोणालाच उरलेली नसते. येथे कोणी खोटे बोलले नाही. फक्त प्रत्येक हाताने माल पुढे दिला आणि माहिती मागे ठेवली.

प्रसाद आणि अन्नदान या ठिकाणी प्रश्नाचे धार्मिक टोक उघड होते. आषाढीला ज्ञानेश्वर माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण या वाटेने साताऱ्यातून जाते, तेव्हा गावेच्या गावे भाकरी, शेंगदाण्याची चटणी, राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, साबुदाण्याची खिचडी घेऊन रस्त्यावर उभी राहतात. येणाऱ्याची चौकशी न करणे हे या दानाचे मर्म आहे: जात विचारायची नाही, गाव विचारायचे नाही, भुकेला आला एवढे पुरे. भोक्ता अनोळखी राहू देण्यातली ही थोरवी वारकरी परंपरेने मोठ्या कष्टाने मिळवली आणि ती एका वैद्यकीय प्रश्नासाठी गमावणे कोणालाही परवडणार नाही. बाजारातही भोक्ता अनोळखीच असतो, पण तेथे त्या अनोळखीपणाला पुण्य नाही. तो केवळ अंतराचा परिणाम आहे. खाणाऱ्याला प्रत्येक ताटामागे आपल्या शरीराची कैफियत मांडायला लावली, तर अन्नदानाचा न विचारण्याचा धर्म मोडतो, आणि प्रसाद नाकारणे हा देवाचा अवमान समजणाऱ्या पंगतीत तो बिचारा गप्पही बसेल. म्हणून विचारण्याचे ओझे त्याच्यावर न टाकता सांगण्याचे कर्तव्य देणाऱ्याने उचलावे लागते: माणसाने आपण कोण हे सांगू नये, अन्नाने मात्र आपण कशाचे आहोत हे सांगितले पाहिजे. मंडपात फळा लावला तरी रांगेतल्या सर्वांना वाचता येईलच असे नाही, त्यामुळे वाढणाऱ्याने लाडू हातावर ठेवताना ‘यात दाण्याचा कूट आहे’ एवढे तोंडाने म्हणावे लागेल. आणि ते त्याला म्हणता येईल, जर आचाऱ्याने त्याला सांगितले असेल, आचाऱ्याला किराणा दुकानदाराने, दुकानदाराला गिरणीने, आणि गिरणीला त्या माणसाने, ज्याने गोणीचे तोंड शिवताना त्याआधी तिच्यात काय होते ते लक्षात ठेवले होते.